निकाल ९६ टक्के, हजेरी ९३ टक्के: जिल्हा परिषद हायस्कूल पारखायचे कसे

प्रश्न थोडक्यात असा. पाचवी ते दहावीचे जिल्हा परिषद हायस्कूल आहे. यंदा दहावीचा निकाल ९६ टक्क्यांच्या आसपास लागला आणि कार्यालयातल्या फळ्यावर सरासरी उपस्थिती ९३ टक्के लिहिली आहे. तरी गावात बोलले जाते की शाळा घसरली, आणि ज्यांना परवडते ते मुलांना तालुक्याच्या शाळेत घालतात. पालक म्हणून शाळा व्यवस्थापन समितीवर नव्याने आलेल्या माणसाने शाळेची खरी स्थिती कशी तपासावी, कोणते कागद मागावेत?

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. हे दोन्ही आकडे खोटे असतील असे धरून चालू नका, बहुतेक वेळा ते खरेच असतात. पण दोन्ही आकडे फार छोट्या प्रश्नाचे उत्तर देतात. निकाल सांगतो, परीक्षेला बसलेल्यांपैकी किती उत्तीर्ण झाले. हजेरी सांगते, त्या दिवशी पटावर असलेल्या नावांपैकी किती जणांपुढे खूण झाली. तुम्हाला हवे आहे ते वेगळेच: तीन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात बसलेल्या प्रत्येक मुलाचे आणि मुलीचे पुढे काय झाले? हे उत्तर कुठल्याही फळ्यावर नसते, पण शाळेच्याच कपाटात असते. दोन दुपारी काढल्या तर हाती लागते.

सुरुवात जनरल रजिस्टरपासून करा. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात क्रमाने असते आणि मूल शाळा सोडून गेले की दाखल्याची तारीख आणि कारण त्याच ओळीत लिहिले जाते. मार्च २०२५ ची दहावी तपासायची तर ती मुले २०२२-२३ मध्ये आठवीत होती. त्या वर्षीचे आठवीचे हजेरीपत्रक (शिक्षकांच्या बोलण्यातला कॅटलॉग) घ्या आणि ३० सप्टेंबर २०२२ रोजी पटावर असलेली सगळी नावे एका वहीत उतरवा. मग एकेका नावापुढे लिहा: दहावीला बसला आणि पास झाला, बसला आणि नापास झाला, नववीत राहिला, दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत गेला, दाखला नेला पण पुढे कुठे दाखल झाल्याचा पत्ता नाही, किंवा सतत गैरहजर म्हणून नाव कमी केले.

आकड्यांनी पाहू. समजा आठवीत ६२ नावे होती. त्यांपैकी ७ मुले दुसऱ्या शाळेत गेली आणि तिथे दाखल झाल्याची खात्री झाली. ४ जणांनी दाखला नेला, पुढचा माग नाही. तिघांची नावे कमी केली. ५ जण नववीत राहिले. म्हणजे दहावीपर्यंत ४३ पोचले. त्यात मागचे नापास आणि बाहेरून आलेले असे ५ मिळाले, म्हणून मंडळाकडे नोंदणी ४८ ची झाली. परीक्षेला बसले ४६, उत्तीर्ण झाले ४४. निकाल ९५.६५ टक्के, आणि हा आकडा तंतोतंत खरा आहे. आता मूळच्या ६२ मधून खात्रीने दुसरीकडे शिकत असलेले ७ वजा करा, उरले ५५. या ५५ पैकी ४१ परीक्षेला बसले आणि वेळेवर दहावी उत्तीर्ण झाले ४०. म्हणजे ७२.७ टक्के. शाळा एकच आणि मुलेही तीच, पण एक आकडा ९६ आहे आणि दुसरा ७३. गावात जे बोलले जाते त्याचे मूळ बहुधा या २३ टक्क्यांत असते.

हीच वही मुलगे आणि मुली अशी वेगळी मांडली की आणखी एक गोष्ट दिसते. वरच्या ५५ मध्ये समजा ३० मुलगे आणि २५ मुली आहेत. १७ मुली परीक्षेला बसल्या आणि सतराच्या सतरा उत्तीर्ण झाल्या. निकालपत्रकात मुलींचा निकाल १०० टक्के लागला आणि सत्कारही झाला. पण २५ पैकी पाच जणींचा दाखला गेला किंवा नाव कमी झाले, दोघी नववीत राहिल्या आणि एक परीक्षेलाच आली नाही. म्हणजे खरा आकडा ६८ टक्के. मुलग्यांचा ३० पैकी २३, म्हणजे जवळपास ७७ टक्के. ‘मुलींची बाजी’ हा मथळा दरवर्षी छापून येतो आणि बसलेल्या मुलींपुरता तो खराही असतो, पण ज्या मुली परीक्षेच्या बाकापर्यंत पोचल्याच नाहीत त्या कुठल्याच मथळ्यात येत नाहीत. समितीत बसल्यावर निदान त्या पाच जणींची नावे तुम्हाला माहीत असायला हवीत.

‘दाखला नेला, पुढचा माग नाही’ हा रकाना भरताना नुसत्या तोंडी उत्तरावर थांबू नका. ‘मामाच्या गावी गेला’ हे उत्तर नेहमी मिळते. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत प्रत्येक मुलाला कायम शिक्षण क्रमांक असतो, त्याला शाळेत पेन नंबर म्हणतात. मूल दुसऱ्या शाळेत दाखल झाले की ती शाळा त्याची नोंद आपल्याकडे ओढून घेते. कोणीच ओढून घेतली नाही तर नोंद ड्रॉपबॉक्समध्ये पडून राहते. मुख्याध्यापकांच्या किंवा संगणक पाहणाऱ्या शिक्षकांच्या लॉगिनमधून ही यादी पाच मिनिटांत निघते. ड्रॉपबॉक्समधले प्रत्येक नाव शाळाबाह्य असेलच असे नाही, कधी नव्या शाळेने नोंद ओढायची राहून गेलेली असते. पण चौकशी त्या नावांपासूनच सुरू करायची.

पटाच्या बाबतीत शाळेवर दोन उलट दाब असतात, ते समजून घेतले की बऱ्याच गोष्टी उलगडतात. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षकांची पदे मिळणार, हे पटावर ठरते. त्यामुळे सप्टेंबरअखेर पट फुगलेला असणे शाळेच्या सोयीचे असते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली ती याच कारणाने. आता आधार जोडणीमुळे निव्वळ बनावट नावे कमी झाली आहेत, पण प्रत्यक्षात न येणारी नावे अजून सापडतात. उलट, दहावीची आवेदनपत्रे भरायची वेळ आली की कच्चे मूल पटावर असणे शाळेला जड जाते. तेव्हा पालकांना बोलावून सांगितले जाते की याला नियमित बसवू नका, सतरा नंबरचा फॉर्म भरा. सतरा नंबर ही खाजगीरीत्या परीक्षा देण्याची चांगली सोय आहे, अनेकांचे शिक्षण तिने वाचवले आहे. पण शाळेत रोज येणाऱ्या मुलाला तिकडे ढकलले तर ते मूल शाळेच्या निकालातूनही जाते आणि शिकवण्यातूनही. म्हणून सप्टेंबरचा पट आणि मंडळाकडची नोंदणी यांतला फरक दरवर्षी लिहून ठेवा. दोन-तीन नावांचा फरक समजू शकतो. आठ-दहा असेल तर नावानिशी विचारा.

आता निकालाचे पोट पाहू. मंडळाच्या शाळानिहाय निकालात नोंदणी, परीक्षेला बसलेले, विशेष प्राविण्य, प्रथम श्रेणी, द्वितीय श्रेणी, उत्तीर्ण असे रकाने असतात. विशेष प्राविण्य ७५ टक्क्यांपासून, प्रथम ६०, द्वितीय ४५ आणि नुसते उत्तीर्ण ३५ पासून. दोन शाळांचा निकाल ९५ टक्केच असू शकतो, पण एकीत बहुतेक मुले पहिल्या दोन रकान्यांत आणि दुसरीत शेवटच्या दोन रकान्यांत असली तर त्या दोन शाळांची तुलना करायला जागाच नाही. शिवाय टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ पद्धतीने निघते, सर्वांत कमी गुणांचा विषय तिच्यात धरला जात नाही. तो विषय बहुधा गणित किंवा इंग्रजी असतो. म्हणून एकूण टक्केवारी बाजूला ठेवून गणित, विज्ञान आणि इंग्रजी या तीन विषयांचे गुण स्वतंत्र उतरवा आणि प्रत्येकाचा मध्यक काढा: सगळे गुण चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला घ्यायचा. सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण ९५ गुणांची दोन हुशार मुले सरासरी वर ओढतात.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे आहे आणि ते फारसे कोणी करत नाही. दहावीच्या १०० गुणांत ८० लेखी आणि २० तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत असतात. ते २० शाळाच देते. गुणपत्रिकेवर एकत्र आकडा येतो, पण शाळेने मंडळाला पाठवलेल्या अंतर्गत गुणांची प्रत शाळेत असते. गुणपत्रिकेतून ते वजा करा म्हणजे लेखीचे गुण मिळतात. ज्या मुलाला अंतर्गत १९ आहेत त्याला ३५ पर्यंत जायला ८० पैकी १६ पुरतात, म्हणजे लेखीत २० टक्के. आता प्रत्येक विषयात लेखीत २८ पेक्षा कमी, म्हणजे ८० च्या ३५ टक्क्यांपेक्षा कमी गुण किती मुलांना आहेत ते मोजा. हा आकडा तुम्हाला सांगेल की अंतर्गत गुणांचा आधार काढला तर शाळा किती उभी राहते. वर्गातल्या सगळ्यांना १८ ते २० दिलेले दिसले तर त्या वीस गुणांतून शिक्षणाबद्दल काहीच कळत नाही. ज्या शाळेत अंतर्गत गुण ९ पासून २० पर्यंत पसरलेले आहेत, तिथे कोणीतरी खरोखर तोंडी घेतली, वह्या तपासल्या, प्रयोग करून घेतले असे समजा. सवलतीचे आणि क्रीडा-कलेचे वाढीव गुण मिळालेल्या मुलांपुढे खूण करून ठेवा, नाहीतर वजाबाकी चुकेल.

हे वीस गुण किती वजनदार आहेत हे राज्याच्या निकालावरून कळते. २०१८ चा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेकडचे गुण काढले होते, अभ्यासक्रमही नवा होता. निकाल ७७.१० वर आला. गुण परत दिल्यावर २०२० मध्ये ९५.३०. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, अंतर्गत मूल्यमापनावर ९९.९५ लागला. मग २०२२ ला ९६.९४, २०२३ ला ९३.८३, २०२४ ला ९५.८१ आणि २०२५ ला ९४.१०. मुले दर वर्षी इतकी बदलत नाहीत, मोजण्याची पद्धत बदलते. म्हणून ‘२०१९ ला आमचा निकाल ७५ होता, आता ९६ झाला’ हा प्रगतीचा पुरावा नाही. दर वर्षी आपल्या शाळेचा निकाल वजा विभागाचा निकाल एवढाच आकडा लिहा. विभागही तोलून घ्या: २०२५ मध्ये कोकण विभागाचा ९८.८२ आणि नागपूरचा ९०.७८ होता. कोकणातल्या शाळेचे ९६ विभागाच्या मागे आहेत, नागपूर विभागातल्या शाळेचे तेच ९६ पाचाने पुढे आहेत.

लहान शाळेत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. २४ मुले बसली असतील तर एक मूल म्हणजे ४.१७ टक्के. एकाला परीक्षेच्या आठवड्यात कावीळ झाली की निकाल १०० वरून ९६ वर येतो, त्यावरून शिक्षकांना धारेवर धरणे अन्यायाचे आहे. तीन वर्षांची मुले एकत्र करा, एकूण बसलेली आणि एकूण उत्तीर्ण, आणि मग बोला.

आता हजेरी. महिन्याच्या शेवटी वर्गशिक्षक हजेरीपत्रकात बेरीज मांडतात: एकूण हजर दिवस भागिले कामाचे दिवस म्हणजे सरासरी उपस्थिती, आणि तिची पटाशी टक्केवारी. हिशेब बरोबर असतो, पण सरासरीत मूल हरवते. नववीचा वर्ग घ्या, पट ५०, कामाचे दिवस २४. शंभर टक्के हजेरी म्हणजे १२०० हजर दिवस. प्रत्यक्षात १०३२, म्हणजे ८६ टक्के, आणि गैरहजेरी १६८ दिवसांची. हे १६८ दिवस सगळ्यांत सारखे वाटले गेले असतील तर प्रत्येक मूल तीन-साडेतीन दिवस चुकले, तापाची साथ किंवा पाऊस असेल. पण असेही असू शकते की ३६ मुले एकेकच दिवस चुकली, दोघे एकदाही नाहीत, आणि उरलेली १२ मुले ११-११ दिवस आलीच नाहीत. टक्केवारी तीच ८६. पहिल्या वर्गाला औषध लागत नाही. दुसऱ्या वर्गातली बारा मुले शाळा सोडण्याच्या वाटेवर आहेत.

म्हणून टक्केवारी विचारूच नका, गैरहजर दिवसांची यादी मागा. जूनपासून आजवर कामाचे दिवस किती आणि त्यांपैकी प्रत्येक मूल किती दिवस चुकले. दहा टक्क्यांपेक्षा जास्त चुकलेली मुले वेगळी काढा. २२० दिवसांच्या वर्षात ही रेषा २२ दिवसांवर येते, पहिल्या दोन महिन्यांत मात्र चार-पाच दिवसांवरच. ही सूचना लवकर मिळते, तिचे मोल तिथेच आहे. दहावीला बसायला मंडळाची अट ७५ टक्के हजेरीची आहे आणि अनेक शाळा तीच रेषा धरून बसतात. पण ७५ टक्के म्हणजे चौथा हिस्सा वर्ष बुडालेले. तोवर बीजगणित सुटलेले असते आणि ते भरून काढायला हाताशी दिवस उरत नाहीत.

नोंद खरी आहे का हे पाहण्यासाठी शिरगणती करा. मुख्याध्यापकांना सांगून, पण दिवस न कळवता. महिन्यात चार-पाच वेळा: एक सोमवार, एक आठवडे बाजाराचा दिवस, एक सणानंतरचा दिवस, एक शनिवार. तिसऱ्या तासाला वर्गात डोकी मोजा आणि मधल्या सुट्टीनंतर पुन्हा मोजा. मग त्याच दिवसाचे हजेरीपत्रक पाहा. नोंद ४५ आणि डोकी ४४ असतील तर नोंद विश्वासाची. ४५ विरुद्ध ३७ असा फरक दोनदा दिसला तर मागचे महिनेही त्याच नजरेने पाहावे लागतील. सकाळी पूर्ण आणि दुपारी निम्मा वर्ग असे दिसले तर खाडाखोड शोधत बसू नका, गावात परतणाऱ्या एसटीची वेळ पाहा. दुपारची शेवटची गाडी चारला असेल तर वाडी-वस्तीवरची मुले शेवटच्या दोन तासांना बसूच शकत नाहीत, आणि ते दोन तास गणिताचे असतील तर परिणाम निकालात उतरतो. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. पास हातात आहे पण गाडी वेळेवर नाही, असे असेल तर आगाराला पत्र समितीने लिहायचे.

हजेरीपत्रक हातात घेतले की डोळा कुठे ठेवायचा? रोजच्या रकान्याखाली त्या दिवसाची बेरीज त्या दिवशीच लिहिलेली आहे का, की महिनाभराची एकाच शाईने एका बैठकीत? व्हाइटनर, गिरवलेल्या खुणा? सुट्टीच्या दिवशी हजेरी लागलेली? एखाद्या मुलाचे सलग तीस दिवस हजर, आणि त्याच काळात त्याचे आईबाप कारखान्यावर ऊस तोडायला गेलेले? शेवटची खूण शोधायला गावाच्या माणसाला कागद लागतच नाही, ती माहिती तुमच्यापाशी आधीच असते.

सहावी ते आठवीसाठी पोषण आहाराची नोंदवही हा चांगला ताळा आहे. उच्च प्राथमिकला माणशी १५० ग्रॅम तांदळाचे प्रमाण आहे. हजेरीत ९२ मुले असतील आणि सगळी जेवली तर १३ किलो ८०० ग्रॅम तांदूळ खर्ची पडायला हवा. काही मुले डबा आणतात, त्यामुळे लाभार्थी हजेरीपेक्षा थोडे कमी असणे नैसर्गिक आहे. लाभार्थी हजेरीपेक्षा जास्त असतील, किंवा हजेरी ७० असो की ९२, तांदूळ रोज तेवढाच दाखवला असेल, तर दोन्हीपैकी एक वही खरी नाही. नववी-दहावीला हा ताळा मिळत नाही, तिथे शिरगणतीच.

गैरहजेरीचे कारण शोधताना वर्षाचे पंचांग समोर ठेवा. मराठवाडा आणि अहिल्यानगरच्या काही तालुक्यांत दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. विदर्भ-खानदेशात ऑक्टोबर ते डिसेंबर कापूस वेचणी. कोकणात आणि पश्चिम घाटाच्या पायथ्याला जुलैत भातलावणी. पालघर-ठाण्याकडे पाऊस संपला की वीटभट्ट्या. गैरहजर मुलांची यादी महिना आणि वस्ती अशी मांडली की बहुतेक कारणे त्या तक्त्यातच दिसतात. एकाच वस्तीतली नऊ मुले नोव्हेंबरपासून नसतील तर ते स्थलांतर आहे. तिथे वर्गशिक्षकाच्या घरभेटीने काम होत नाही, हंगामी वसतिगृह आणि शिक्षण हमी पत्र (जिथे कुटुंब जाईल तिथल्या शाळेत मुलाला बसता यावे म्हणून शाळेने दिलेले) लागते, आणि हा प्रस्ताव दिवाळीआधी जावा लागतो. जानेवारीत पाठवून उपयोग नाही. मोठ्या मुली दर महिन्याला ठरावीक तीन-चार दिवस चुकताना दिसल्या तर स्वच्छतागृहात पाणी येते का आणि दाराला आतून कडी आहे का ते स्वतः जाऊन पाहा, सोबत समितीतली महिला सदस्य घेऊन. ही पाहणी दहा मिनिटांची आहे आणि कुठल्याही टक्केवारीपेक्षा जास्त सांगते.

मुले येतात, पण शिकतात का? ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत २०२३ मध्ये ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा उतारा अस्खलित वाचता आला नव्हता, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ४३.३ टक्के मुलांनाच जमले होते. तुमच्या शाळेत हे पाहायला मोठी परीक्षा नको. नववीच्या हजेरीपत्रकातून दर तिसरा क्रमांक घ्या (हुशार मुले निवडून दिली जाऊ नयेत म्हणून), मुख्याध्यापकांच्या परवानगीने, एकेकाला वेगळे बसवून, साधारण दहा मिनिटे. पाचवीच्या मराठीच्या पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि त्यावर दोन प्रश्न. ७३५ भागिले ७. २४० चे १५ टक्के. अर्धा मीटर म्हणजे किती सेंटिमीटर. इंग्रजीतली चार सोपी वाक्ये वाचून अर्थ सांगायचा. वहीत नाव लिहू नका, क्रमांकही नको, फक्त जमले किंवा नाही जमले. नववीतली निम्मी मुले भागाकारावर अडली तर दहावीच्या जादा तासांनी काही होणार नाही, सातवी-आठवीपासून पाया भरावा लागेल. मुलांना आधीच सांगा की हे गुणांसाठी नाही. ज्याला जमले नाही त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला वर्गात पाठवा. अपमान झालेले मूल दुसऱ्या दिवशी येत नाही.

बाहेरचा मापदंड म्हणून शिष्यवृत्ती परीक्षा आणि आठवीची एनएमएमएस परीक्षा पाहा. एनएमएमएस आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलांसाठी आहे, निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, आणि राज्याचा कोटा ११,६८२ आहे. इथे निवड किती झाली यापेक्षा किती मुले बसवली हा प्रश्न महत्त्वाचा. पात्र ३० असताना तिघांना बसवले असेल तर शाळेने बाकीच्यांवर आधीच काट मारली.

शिक्षकांकडे वळताना हात जरा हलका ठेवा. मंजूर पदे किती, भरलेली किती, रिक्त कोणत्या विषयाची आणि कधीपासून, हे चार आकडे हातात नसताना निकालावर बोलू नये. गणित-विज्ञानाचे पद वर्षभर रिकामे असेल आणि तो वर्ग भाषेचे शिक्षक सांभाळत असतील तर लेखीचे गुण का पडले हे विचारण्यासारखे उरत नाही, पत्र शिक्षणाधिकाऱ्यांना जायला हवे. दहावीचे प्रत्यक्ष शिकवण्याचे दिवस मोजा. २०२५ ची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली, नेहमीपेक्षा आठवडाभर आधी, म्हणजे जानेवारीचा सराव तितका आखडला. त्यातून निवडणूक, प्रशिक्षण आणि स्नेहसंमेलनाचे दिवस वजा करा. वेळापत्रकातले गणिताचे तास आणि झालेले तास यांत तीस-चाळीसचा फरक निघाला तर तो फरक भरून काढणे हेच पुढच्या वर्षीचे पहिले काम.

शाळेची स्वयंमूल्यमापनाची कागदपत्रेही मिळतील. शाळासिद्धीत सात क्षेत्रे आणि ४६ मानके होती. ती जरूर वाचा, पण ती शाळेने स्वतः भरलेली असतात. तिथे लिहिलेले आणि तुमच्या वहीतले जुळते का, एवढ्यापुरता त्यांचा उपयोग.

तुलना करायचीच झाली तर तालुक्याच्या खाजगी शाळेशी करू नका. तिथे पाचवीलाच गावातली वाचती-लिहिती मुले गेलेली असतात. आपल्यासारख्याच गावांतल्या, आपल्याएवढ्या पटाच्या दोन शाळा घ्या. यूडायस प्लसवर शाळेचा ११ अंकी क्रमांक टाकला (महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो) की इयत्तावार पट आणि शिक्षकसंख्या सगळ्यांना पाहता येते. आठवी, नववी, दहावीचा पट तीन वर्षांचा शेजारी शेजारी लिहिला की नववीतून दहावीत जाताना मुले कुठल्या शाळेत गळतात ते दिसते. आठवीपर्यंत कोणी अडवत नव्हते आणि नववीला पहिल्यांदा नापासाचा शिक्का बसायचा, त्यामुळे शाळा सुटते ती बहुधा याच पायरीवर. २०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा आल्या आहेत, म्हणून आता आठवीचाही रकाना लक्ष ठेवून भरा.

कागद मागताना वाद न होता मिळतील असे पाहा. शाळा व्यवस्थापन समितीचे कायद्याने ठरलेले क्षेत्र आठवीपर्यंत आहे. नववी-दहावीसाठी शाळा व्यवस्थापन व विकास समिती किंवा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत ठराव घ्या. मुख्याध्यापकांना आधी एकटे भेटा, वही दाखवा आणि विचारा की हे रकाने भरायला कोणाची मदत मिळेल. चांगल्या मुख्याध्यापकाला ही वही हवीच असते, वरच्या कार्यालयाकडे पदे मागताना तिचाच आधार होतो. टाळाटाळ झाली तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (माध्यमिक). माहिती अधिकाराचा अर्ज शेवटी: १० रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि शक्यतो १५० शब्दांचा हवा, म्हणून निकालाचा आणि हजेरीचा वेगवेगळा करा. मुलांची नावे मागू नका, ती वैयक्तिक माहिती म्हणून नाकारली जाईल. आकडे मागा: इयत्ता, मुलगे, मुली, पट, दाखले, नोंदणी, बसलेले, उत्तीर्ण. नावानिशी वही फक्त समितीच्या कामापुरती ठेवा, गावात फिरवू नका.

पहिल्या बैठकीला हे सगळे नेऊ नका. दोनच गोष्टी न्या: आठवीच्या ६२ नावांचा हिशेब आणि आज दहा टक्क्यांपेक्षा जास्त गैरहजर असलेल्या नववीच्या मुलांची यादी. त्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे एका माणसाचे नाव लिहा, शिक्षक, समिती सदस्य किंवा वस्तीवरचा शेजारी, आणि पंधरा दिवसांत घरी जाऊन काय कारण कळले ते लिहिण्यासाठी एक रिकामा रकाना. पुढच्या बैठकीत तो रकाना आधी वाचायचा, मग बाकीचे विषय. जूनमध्ये नवी आठवी भरली की पहिल्याच पंधरवड्यात तिची नावे वहीच्या नव्या पानावर उतरवून घ्या. तीन वर्षांनी जुने रजिस्टर धुंडाळण्यापेक्षा ते सोपे जाते, आणि मूल गळते आहे हे ते गळत असतानाच कळते.